मिसेस पेनर

ओरेस्ट ह्रिन्चुकने किल्ली दिली ती हातमोजा न काढता,
त्यामुळे ती जरा वेळ आम्हा दोघांच्याही हातात राहिली.
आगाऊ रक्कम नोटांत. मोजून,
आणि मग पुन्हा एकदा मोजून.
"परक्या माणसाच्या ताब्यात घर," तो म्हणाला.
मला नाही, बुटांच्या कपाटाला.

मी म्हटलं, अकरा वर्षं हेच काम करतेय.
विमा आहे, पोलिसांचा दाखला आहे,
दोन पोपट सांभाळलेत, एक आंधळा ग्रेहाउंड,
आणि एक घोरपडीसारखं काहीतरी, ज्याला फक्त जास्वंद चालायचं,
तेही विनिपेगमध्ये, जानेवारीत.
त्याचं लक्ष नव्हतं. तो यादी वाचत होता.
सकाळी अर्धा डबा सामन. ट्यूना अजिबात नाही.
रेडिओ हवामानाचा, आवाज चारवर.
खिडकीतली खुर्ची हलवू नये.
आणि तळाशी, दुसऱ्या पेनने:
तिला शोधू नये.

मांजरीचं नाव मिसेस पेनर.
पूर्वीच्या घरमालकिणीवरून ठेवलेलं,
तीही म्हणे पायरी न वाजवता यायची.

पहिल्या दिवशी बशी भरली.
दुसऱ्या दिवशी बशी लख्ख, जणू धुऊन ठेवलेली.
तिसऱ्या दिवशी वाळूत एक खड्डा, नीट बुजवलेला.
चौथ्या दिवशी खुर्चीच्या गादीवर एक खळगा,
हात ठेवला तर कोमट.
एवढंच.
बाहेर उणे एकतीस,
रेडिओवरचा माणूस तेच सांगत होता, आवाज चारवर,
आणि मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून
कुणालातरी सांगत होते
की माझ्या गाडीची बॅटरी आता फार दिवस टिकणार नाही.

रात्री आठला फोन. व्हिक्टोरियाहून, भावाच्या घरून.
"फोटो?"
मी रिकाम्या बशीचा पाठवला.
खुर्चीतल्या खळग्याचा पाठवला.
"छान दिसतेय," त्यानं लिहिलं.
भावाबद्दल मी विचारलं नाही.
तो माझ्या करारात नव्हता.

सहाव्या संध्याकाळी भट्टी बंद पडली.
दुरुस्तीवाला म्हणाला, सकाळी, लवकरात लवकर.
माणूस असतं तर हॉटेलात नेलं असतं.
पण जी दिसतच नाही तिला पिंजऱ्यात कसं घालायचं?
मग शेजारच्या बाईकडून हीटर आणला,
नळ थेंब थेंब सोडून ठेवले,
आणि कोट, टोपी, दोन जोड मोजे घालून
जमिनीवर बसले, भिंतीला टेकून.
खुर्ची हलवली नाही. खुर्चीवर बसलेही नाही.

तीनच्या सुमाराला पायांवर वजन आलं.
पिशवीभर बटाट्यांएवढं,
पण श्वास घेणारं.
मग ते घुरघुरायला लागलं,
लांबच्या रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी जावी तसं.
मान जराशी वळवली असती तर दिसली असती.
यादीत लिहिलं होतं. मी समोर बघत राहिले,
फ्रिजवरच्या चुंबकाकडे, एका मरून गेलेल्या बँकेच्या.
उजाडलं तेव्हा पाय बधिर होते
आणि त्यांच्यावर कुणी नव्हतं.

नवव्या दिवशी तो आला, भुवयांवर बर्फ घेऊन.
"दिसली?"
"नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.
त्यानं बूट काढले, जोडीनं लावले,
आणि बुटांच्या कपाटाला सांगितलं:
"बावीस वर्षांनी गेलो होतो भावाकडे.
दारापर्यंत आला, मग वरच्या खोलीत.
नऊ दिवस एका छपराखाली.
ताट ठेवायचो जिन्यात.
सकाळी रिकामं असायचं."
थोडं थांबून:
"धुतलेलं."

मग तो पैसे मोजायला लागला.
भट्टीच्या रात्रीचा दर वेगळा असतो, करारात तसं कलम आहे,
मी ते दाखवलं नाही.
त्यानं नोटा दिल्या, आणि या वेळी
पुन्हा मोजल्या नाहीत.

रविवारी कपडे धुवायला काढले.
त्या रात्रीच्या मोज्यांवर, घोट्याशी,
तीन केस, लांब, नारिंगी.
तिचा रंग त्यानं सांगितला नव्हता.
मी उगाचच राखाडी धरून चालले होते.